पाच जुन्या झाडांचे काम: साधने, कपडे, सुरक्षितता

३ फेब्रुवारी

काम पाच जुन्या झाडांचे आहे. चार झाडांची छाटणी करायची, पाचवे वरून खालपर्यंत उतरवायचे. या नोंदी आमच्या तुकडीसाठी आणि पुढे या कामात येणाऱ्यांसाठी ठेवतो आहे. झाड कसे कापले याहून अंगावर काय होते, हातात काय होते आणि कोणत्या साधनाने कुठे हात टेकले, हेच यात जास्त येईल. साधन काय करू शकते हे सगळे सांगतात. ते कुठवर साथ देते हे कामाच्या आधी ठाऊक असायला हवे.

आज फक्त पाहणी. साहित्याच्या पेट्या मुद्दाम गाडीतच ठेवल्या, कारण करवत हातात आली की डोळे कापायची फांदी शोधतात, झाड बघायचे राहून जाते.

मुळांपासून सुरुवात केली. जमीन एका बाजूने उचलली गेली आहे का, मातीला भेगा आहेत का, बुंध्याशी बुरशीची छत्रे आहेत का. पाचव्या झाडाच्या बुंध्याला गॅनोडर्माची टणक छत्रे लागली आहेत आणि खालच्या पानांवर तिच्या बीजाणूंची तपकिरी भुकटी बसली आहे. नायलॉनच्या हातोडीने ठोकत बुंध्याभोवती फिरलो, तर एका बाजूला आवाज पोकळ. ही बुरशी बुंध्याचे आणि मुळांचे लाकूड आतून कुजवते आणि तरीही वरची पालवी बराच काळ हिरवी राहू शकते. त्यामुळे हिरवा शेंडा बघून या झाडावर दोर टाकायचा नाही, हे आजच ठरले.

दुसऱ्या झाडाच्या मोठ्या बेचक्यात साल आत दबली आहे. अशा जोडात दोन्ही फांद्यांचे लाकूड एकमेकांत विणलेले नसते, म्हणून तिथे आधार घ्यायचा नाही. तिसऱ्याच्या शेंड्यात तुटलेली फांदी लटकते आहे. चौथ्याच्या ढोलीत मधमाश्यांची ये-जा दिसली. यंत्राचा आवाज, खोडाला बसणारे हादरे, माणसाचा श्वास, सगळ्याने त्या चवताळतात आणि दोरावर बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. मधपाळ वसाहत हलवेपर्यंत चौथे झाड थांबेल.

पहिल्या झाडाजवळून वीजवाहिनी जाते. हिरव्या फांदीतून वीज वाहते आणि रबरी तळव्याच्या बुटांनी माणूस वाचत नाही. विजेच्या कामाची खास पात्रता नसलेल्या माणसाने ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून किमान १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर लांब राहावे, असा अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा नियम आहे. हे अंतर मोजताना माणसाचा लांब केलेला हात, पोल सॉ म्हणजे लांब दांड्याची करवत आणि फांदी सुटताना घेणारी गिरकी, तिन्ही धरायची असतात. प्रवाह बंद केल्याचे लेखी कळल्याशिवाय त्या बाजूच्या फांद्यांना हात लागणार नाही.

५ फेब्रुवारी

कपड्यांचा दिवस. सगळ्यांच्या पँटी उलट्या करून टेबलावर पसरल्या.

चेनसॉची, म्हणजे साखळीच्या यंत्रकरवतीची, पँट साखळीला अडवत नाही, ती साखळी गुंतवते. वरचे कापड फाटले की आतल्या थरांतले लांब धागे साखळीबरोबर ओढले जाऊन करवतीच्या दातेरी चाकात गुरफटतात आणि यंत्र थांबते. म्हणजे पँटची सगळी मदार ते धागे मोकळे आणि लांब असण्यावर आहे. पाण्यातला ब्लीच आणि कपडे मऊ करणारी द्रव्ये त्यांना मारक. डिंक, तेल साचून थर चिकटला तर धागे सुटत नाहीत, म्हणून पँट वेळेवर धुवायची, पण लेबलावर लिहिलेल्या पद्धतीनेच. साखळी एकदा आतल्या थरापर्यंत गेली की पँट संपली. फक्त बाहेरचे कापड काट्याने फाटले असेल तर ते शिवता येते, मात्र सुई आतल्या थरात जाता कामा नये. थर एकमेकांना शिवले गेले तर धागे तिथेच अडकून बसतात.

दुसरी गोष्ट पँटच्या वर्गाची. युरोपीय प्रमाणकांत साखळीच्या वेगावरून वर्ग ठरतात: वर्ग ० सेकंदाला १६ मीटर, वर्ग १ ला २०, वर्ग २ ला २४ आणि वर्ग ३ ला २८ मीटर. आमच्या बहुतेक पँटी वर्ग १ च्या आहेत. पूर्ण वेगात चालणाऱ्या अनेक करवतींची साखळी २० मीटरच्या पुढे जाते. तेव्हा या पँटीने पाय वाचण्याची शक्यता वाढते, खात्री मिळत नाही. विजेवरच्या करवतींची मोटर कमी वेगातही जोर धरून ठेवते, त्यामुळे धागे गुरफटूनही ती लगेच थांबेलच असे नाही. बॅटरीवरची करवत हलकी आणि शांत आहे म्हणून तिच्याशी सैल वागणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

प्रकार ए मध्ये संरक्षण पुढच्या बाजूला, प्रकार सी मध्ये पाय सगळीकडून झाकलेला. जमिनीवर उभे राहून खोड कापताना करवत बहुधा समोरून येते, तिथे ए चालते. झाडावर माणूस वाकडातिकडा लटकतो, पाय मागे दुमडलेला असतो, करवत कमरेच्या दोरीवर झुलते. वर चेनसॉ नेणाऱ्याने सी घालावी. ती जड आणि गरम होते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे वरच्या माणसाच्या पाळ्या लहान ठेवणे आणि पाणी वर पाठवत राहणे.

हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्याकडे फार कमी लोक बघतात. कारखान्यात वापरायच्या ईएन ३९७ (हा युरोपीय प्रमाणकाचा क्रमांक) हेल्मेटचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ओढीला सुटावा अशी अपेक्षा असते, म्हणजे हेल्मेट कुठे अडकले तर गळफास बसत नाही. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ हेल्मेटचा पट्टा ५०० न्यूटनपर्यंत टिकला पाहिजे, कारण माणूस झोका खाऊन खोडावर आपटला तरी हेल्मेट डोक्यावर राहायला हवे. चढणाऱ्यांना आम्ही दुसऱ्या प्रकारचे दिले, जमिनीवरच्यांना पहिल्या. हेल्मेटवर रंग किंवा स्टिकर नको, त्यांतली द्रावणे प्लास्टिक कमकुवत करू शकतात.

कान: पेट्रोलची चेनसॉ कानापाशी १०० डेसिबलच्या पुढे सहज जाते. ८५ डेसिबल ८ तास चालते असे धरले, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो आणि १०० वर तो १५ मिनिटांवर येतो. इअरमफ हवेतच. चष्म्याच्या काड्यांमुळे मफची कड उचलली जाते हेही तपासले. जाळीच्या मुखवट्यातून बारीक भुसा डोळ्यांत जातो, म्हणून आत साधा सुरक्षा चष्मा. चीक गळणाऱ्या झाडांवर काम करताना तर तो काढायचाच नाही.

बूट पुढून पोलादी टोपीचे आणि चेनसॉ-रोधक. हातमोजे दोन जोड्या: दोरासाठी पातळ आणि पकड असलेले, करवतीसाठी वेगळे. अंगठी, गळ्यातली साखळी, लोंबणारी नाडी गाडीत.

८ फेब्रुवारी

दोर आणि हार्नेस, म्हणजे चढणाऱ्याच्या अंगाला बांधायचे पट्टे. ही तपासणी डोळ्यांपेक्षा बोटांनी होते. दोर हातातून हळूहळू सोडत जायचे आणि दर वीतभर अंतरावर वाकवून बघायचे. वळण एकसारखे गोल आले पाहिजे. कुठे टोकदार घडी पडली, मऊ लागले, फुगवटा आला तर आतला गाभा दुखावला आहे. पृष्ठभाग काचेसारखा कडक आणि चकचकीत झाला असेल तर घर्षणाने तो वितळला आहे.

एका चढाईच्या दोरात मधेच असा मऊ भाग सापडला. बाहेरचे आवरण जवळजवळ नव्यासारखे होते. तिथल्या तिथे त्याचे लहान तुकडे केले. बाद झालेला दोर अख्खा राहिला तर घाईच्या दिवशी कुणीतरी उचलतो.

चढायचे दोर आणि लाकूड उतरवायचे दोर वेगळ्या रंगाच्या पिशव्यांत. ओंडक्याचा धक्का खाल्लेल्या दोरावर माणूस लटकणार नाही. नायलॉनला आम्ल मारक, पॉलिस्टरला तीव्र अल्कली. डायनीमा या कृत्रिम धाग्याची दोरी १५० अंशांच्या आतच वितळते, म्हणून ती घर्षणाच्या गाठीसाठी, म्हणजे दोराला आवळून धरणाऱ्या सरकत्या गाठीसाठी, वापरायची नाही. बॅटरी, पेट्रोल आणि दोर एका खणात ठेवू नयेत.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या फाटकाच्या कड्या, तीन हालचालींनी उघडणारेच. फाटक सोडल्यावर आपोआप पूर्ण बंद झाले नाही तर आधी धुऊन बघायचे, तरीही अडले तर बाद. पोलादी गाभ्याची कमरेची दोरी आहे, तिच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. हातकरवतीपुढे ती काही काळ टिकते, चेनसॉपुढे नाही. म्हणून कापताना दोन स्वतंत्र आधार, आणि दोन्ही करवतीच्या वाटेबाहेर.

ब्रिटनमध्ये उचल-साहित्यासाठीच्या लोलर नियमांखाली माणूस उचलणाऱ्या साहित्याची सखोल तपासणी दर ६ महिन्यांनी जाणकाराकडून होते. आपणही तोच कालावधी पाळावा असे माझे मत. रोज सकाळची तपासणी त्याखेरीज.

११ फेब्रुवारी

वाहिनी बंद असल्याचे पत्र आले. पहिले झाड सुरू.

फेकदोरीच्या पिशवीने वरची फांदी गाठली. दोर चढवल्यावर दोघांनी मिळून त्यावर भार टाकला, झटके दिले, वर नजर ठेवली, मगच पहिला माणूस निघाला. फांदीवर दोर थेट घासू नये म्हणून दोन कड्यांचा पट्टा लावला. साल वाचते आणि दोरही.

काटे लावलेल्या बुटांना आज मनाई होती आणि ज्या झाडाला जगायचे आहे त्यावर ती नेहमीच असेल. प्रत्येक काटा सालीखालच्या जिवंत थरात भोक पाडतो. ते फक्त पाचव्यासारख्या, पाडायच्याच झाडांसाठी, आणि तेही झाड चढण्याइतके भक्कम असेल तरच.

छाटणीचे बहुतेक काम हातकरवतीने झाले. ओढताना कापणारी वाकडी, बारीक दातांची करवत मनगटाएवढ्या फांदीला पुरते, एका हाताने चालते आणि किकबॅक, म्हणजे करवत उसळून अंगावर येणे, नाही. एक मात्र लक्षात ठेवावे: ती इतकी धारदार असते की दोराला नुसती टेकली तरी ताणलेला दोर तुटू शकतो. काम झाले की लगेच मांडीवरच्या म्यानात.

जड फांदी तीन कापांत. खोडापासून सुमारे ३० सेंमीवर आधी खालून, मग थोडे पुढे वरून, म्हणजे फांदी सुटताना खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. ते कडे कापले की झाडाची जखम बंद करायची यंत्रणाच कापली जाते. अमेरिकी वनखात्याच्या अ‍ॅलेक्स शायगोने हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाड कुजलेला भाग बरा करत नाही, त्याच्याभोवती भिंती उभारून त्याला कोंडते. जखमेवर रंग किंवा डांबर फासल्याने कुजणे थांबत नाही, हेही त्याच्या कामातून पुढे आले. आम्ही काहीच फासले नाही.

१४ फेब्रुवारी

वारा. वर कोणीही गेले नाही. झोताने फांदी हलली की काप मिटतो, करवतीची पट्टी अडकते आणि चढणारा अडकलेल्या करवतीशी झुंजत बसतो. दुपारी सरही आली. ओल्या दोरावर घर्षणाची गाठ वेगळी वागते, सालीवर पाय टिकत नाही. मुदतीचा विषय निघाला तेव्हा तारीख पुढे ढकलली.

१७ फेब्रुवारी

दुसरे झाड, जाड फांद्या, म्हणून चेनसॉ वर गेली.

सकाळी साखळ्या घासल्या. बोथट साखळी माणसाला दाबायला लावते आणि दाबणारा माणूस तोल घालवतो. भुश्याकडे बघितले की कळते: टपोरे छिलके पडले तर धार आहे, पीठ पडू लागले की थांबायचे. आमच्या लहान करवतीला ४ मिमीची गोल कानस, मोठीला ५.२ मिमी. कोन ३० अंश, दोन्ही बाजूंच्या दातांना सारखेच फेरे. एका बाजूचे दात लहान झाले की काप तिरका जातो. दातापुढचा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली, तो जास्त उतरवला तर करवत लाकडात झेपावते आणि किकबॅक वाढतो.

पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की करवत डोळ्याचे पाते लवायच्या आत चेहऱ्याकडे येते. ब्रेक असतो, पण डावा अंगठा मुठीखालून वळवलेला नसेल तर हात मुठीवर राहातच नाही. वरून मूठ असलेली करवत एका हाताने चालवता येते असे वाटते. ती बनवली आहे झाडावरच्या अडचणीच्या जागेसाठी, तरी तिलाही दोन हात हवेत. ज्या हाताने फांदी धरली जाते तोच हात आणि डावा दंड या कामात सगळ्यात जास्त कापला जाऊ शकतो. जमिनीवर तिचा उपयोग करायचा नाही, हे मी ठामपणे सांगतो.

करवत हवेत झुलवून चालू करणे आमच्याकडे बंद आहे. जमिनीवर मागच्या मुठीत पाय रोवून, ब्रेक लावून. पेट्रोल भरल्या जागेपासून किमान ३ मीटर लांब. बॅटरीच्या करवतीला नवा नियम केला: वर एका फांदीवरून दुसरीकडे जाताना ब्रेक, आणि खाली पाठवताना बॅटरी काढून. तिचा आवाज नसल्यामुळे ती चालू आहे की नाही हे खालच्याला कळत नाही.

बोटांना मुंग्या येणे, थंडीत ती पांढरी पडणे ही कंपनाची लक्षणे आहेत आणि एकदा रुजली की बहुधा मागे फिरत नाहीत. युरोपात ८ तासांच्या दिवसाला ५ मी/से² ही कमाल मर्यादा आहे आणि २.५ पासूनच उपाय करायचे बंधन. करवतीचे रबरी दट्टे फाटले असतील तर ते बदलणे हा सगळ्यात सोपा उपाय.

२० फेब्रुवारी

काम बंद ठेवून बचावाचा सराव. वर एकजण निपचित लटकल्याचे सोंग घेऊन राहिला, दुसऱ्याने दुसऱ्या दोराने चढून त्याला खाली आणले. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये नुसता लटकत राहणे स्वतःच जीवघेणे होऊ शकते, म्हणून अग्निशमन दलाची वाट बघणे ही योजना म्हणता येत नाही. तुकडीत चढू शकणारे किमान दोघे, त्यांतला एक कायम खाली, त्याचा हार्नेस अंगावर आणि बचावाचा दोर जागेवर लावलेला.

चढणाऱ्याच्या हार्नेसवर छोटी पेटी: रक्त थांबवणारी पट्टी आणि टूर्निके, म्हणजे हातापायाभोवती आवळून रक्त अडवणारा पट्टा. टूर्निके एका हाताने, डोळे मिटून बांधायचा सराव प्रत्येकाने केला. जखमेच्या ५ ते ८ सेंमी वर, सांध्यावर नको, रक्त थांबेपर्यंत आवळायचे आणि वेळ लिहायची. जागेचा नेमका पत्ता आणि गाडी आत यायची वाट एका कार्डावर लिहून ते दर्शनी जागी ठेवले.

२६ फेब्रुवारी

तिसरे झाड. लटकणारी फांदी आधी, बाकी सगळे नंतर. तिच्याखाली कोणी उभे राहिले नाही. बाजूने वर जाऊन दोर बांधला आणि खालून ओढून काढली.

हाकांची पद्धत आज नीट बसली. वरून हाक आल्यावर खालून उत्तर येईपर्यंत काप सुरू होत नाही. उत्तर देणारा एकच असावा, नाहीतर कोणीतरी दिले असेल असे धरले जाते.

४ मार्च

मधमाश्या सुखरूप हलवल्या गेल्या, चौथे झाडही झाले. दिवसभर चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणारे यंत्र, चालला, त्यामुळे त्याबद्दल.

या यंत्रापाशी लांब मनगटी असलेले हातमोजे नकोत. फांदीचे टोक त्यात अडकले की हात फांदीबरोबर जातो. जाड टोक आधी घालायचे, बाजूला उभे राहून, आणि रोलरने पकडले की लगेच वळायचे. लहान काटक्या हाताने ढकलायच्या नाहीत, लांब फांदीने ढकलायच्या. पायाने तर कधीच नाही.

सगळ्यात भीषण शक्यता दोराची. फांद्यांच्या ढिगात चढणाऱ्याच्या दोराचे टोक गुंतले आणि ढीग चिपरमध्ये गेला तर यंत्र वरच्या माणसाला ओढते. दोर सांभाळणाऱ्याला म्हणूनच दुसरे काम देत नाही. दोराचे टोक पिशवीत आणि चिपर झाडापासून लांब.

९ मार्च

पाचवे झाड. बुंधा कुजलेला, त्यामुळे कोणी चढले नाही. उचलयंत्राच्या बादलीतून काम, बादलीतही हार्नेस आणि आखूड दोरी बादलीच्या ठरलेल्या कड्याला. झाडाला बांधायचे नाही, झाड गेले तर माणूसही जाईल.

ओंडके दोराने उतरवायचे होते, पण त्यासाठी कप्पी याच खोडावर लागणार होती. कागदावर हिशेब मांडला. ३० सेंमी व्यासाचा, २ मीटर लांबीचा ओंडका म्हणजे ०.१४ घनमीटर. ओल्या लाकडाची घनता पाण्याच्या जवळपास धरली तर १४० किलो. कप्पी ओंडक्याच्या खाली असेल, तो १ मीटर पडून दोराने अर्ध्या मीटरमध्ये थांबवला, तर दोरावर सरासरी ताण वजनाच्या तिप्पट. दोराच्या दोन्ही बाजू कप्पीवरून खाली जातात, म्हणून कप्पीवर आणि पर्यायाने खोडावर जवळजवळ दुप्पट, ८०० किलोच्या वर. आणि ही सरासरी आहे, क्षणाचा कमाल धक्का त्याहून मोठा. तोच ओंडका खालच्या माणसाने दोर सोडत २ मीटरमध्ये थांबवला तर दोरावरचा ताण वजनाच्या दीडपटीवर येतो. दोराची जाडी वाढवण्याआधी तुकडे लहान करा आणि दोर धावू द्या, असे मी म्हणतो ते या गणितामुळे.

कुजक्या खोडाला असले धक्के द्यायचे नव्हते. शेजारी मोकळी जागा होती, तेव्हा लहान तुकडे केले आणि दोराशिवाय खाली सोडले. पडण्याच्या जागेभोवती पट्टी बांधली आणि तिच्या कडेला माणूस उभा केला.

१२ मार्च

उरलेले खोड. बिजागरी म्हणजे खाच आणि मागचा काप यांच्यामधली न कापलेली पट्टी, जाडीला व्यासाच्या सुमारे १० टक्के. झाड कुठे पडेल हे ती ठरवते, पण ती चांगल्या लाकडाची असेल तरच. इथे बुंध्याला चांगले लाकूड एका बाजूलाच होते. म्हणून काप कुजक्या भागाच्या वर, ठोकून भरीव आवाज आला तिथे घेतला. मागच्या बाजूला तिरकी, ४५ अंशांची पळवाट आधी साफ करून ठेवली, पाचर लावली आणि खोडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी ठेवले नाही. खोड ठरल्या जागी आले.

१६ मार्च

साहित्य धुतले. दोर कोमट पाण्यात, सावलीत वाळवले. हार्नेसच्या शिवणी उलटून बघितल्या. एका पँटच्या गुडघ्याखाली धागे बाहेर आले आहेत. साखळी कधी लागली हे घालणाऱ्याला आठवत नाही, पँट बाद.

नोंदवहीत प्रत्येक वस्तूपुढे क्रमांक, वापरात आल्याची तारीख, आजची तपासणी आणि तपासणाऱ्याची सही. मागवायचे: एक चढाईचा दोर, चढणाऱ्यांसाठी सी प्रकारच्या दोन पँटी, लहान करवतीचे रबरी दट्टे, ४ मिमीच्या कानशी. पुढची सखोल तपासणी १६ सप्टेंबरच्या आत.